बीडच्या जलशातली साथ

नगर सोडल्यापासून मी गाडीवानाला निदान दहादा विचारलं असेल, "वेळेवर पोचू ना?" बीडच्या जलशात (गाण्याच्या मैफलीत) साथीला बसायचं माझं हे पहिलंच बोलावणं. बाजाची पेटी मांडीवर होती आणि बोटं तिच्या झाकणावर उगाच नाचत होती.

कडा गावाच्या अलीकडे निजामाची हद्द लागली. करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर शिपायाने गाडी थांबवली.

"ह्यात काय हाय?"

"बाजा."

"बाजा हाय तर वाजवून दाखवा."

भर उन्हात, धुळीत बसून वाजवलं. चार माणसं जमली. शिपायाने मान डोलवत आणखी एक चीज मागितली. त्याला ऐकायचं होतं, मला पोचायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बीडला, बिंदुसरा नदीच्या काठी, मांडव दिसला. जलसा गावाने उभा केलेला. कापड कोष्ट्यांचं, खांबांवरचे मोर रंगाऱ्यांचे. मुसलमान कारागिरांनी रंगीत कागदाच्या जाळ्या कातरून टांगल्या होत्या. पाण्याने भरलेल्या छागली (चामड्याच्या पाणपिशव्या) दाराशी लटकत होत्या. एकेका घराने एकेक पाहुणा उतरवून घ्यायचा, असा तिथला रिवाज.

मला करीमचाचांच्या घरी धाडलं. पांढरी दाढी, भिंतीला टेकलेली सारंगी.

"तीस सालं झाली, जलशात साथ मीच करतो," ते हौसेने म्हणाले. "तुमी काय करता?"

गावच्या पंचांनी मला पत्रात लिहिलं होतं की जुन्या साथीदाराचा हात थरथरतो, म्हणून तुम्ही या. त्या साथीदाराला मात्र कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी शेजारच्या सोनारांकडून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आली. मुसलमानाघरचं खायला माझी अडचण होऊ नये म्हणून चाचांनीच मागवली होती. मी भाकरी नुसती मोडत बसलो.

"कावून जेवत न्हाई? तिखट झालं का?"

मी सगळं सांगून टाकलं. चाचा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसले. मग उठले, सारंगीवर खोळ चढवली आणि बाहेर गेले. मीही ताटावरून उठलो.

उन्हं कलताना मैफल सुरू झाली. गाणारी बाई अंबाजोगाईची, वयस्कर, सावकाश गाणारी. मला धीर कुठला! तिने स्वर लावण्याआधीच माझं बोट तिथे पडत होतं. तिने एकदा वळून पाहिलं. मी आणखीच पुढे पळालो.

"अबे, गळ्याच्या मागं राहा! पुढं कावून पळतो?"

दारातून करीमचाचा आत येत होते. ते येऊन माझ्याशेजारी बसले आणि थरथरता हात त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवला. बाईने श्वास घेतला की हात दाबायचा, मी थांबायचो. हात सैल पडला की वाजवायचो. असं किती वेळ चाललं कळलं नाही. शेवटी लोकांनी बाईला भरभरून दाद दिली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पहिल्यांदाच ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली तेव्हा चाचा अंगणात सारंगीच्या तारा उतरवत होते.

"चाचा, मी तुमची जागा घेतली," मी म्हणालो.

"घेतली न्हाई अजून," वर न बघता ते म्हणाले. "लई घाई हाय तुमाला. फुडच्या साली या. पन म्हैनाभर आधी या."

परतीच्या वाटेवरही जीव स्वस्थ नव्हता. बोलावण्याचं पत्र आलं म्हणजे आपण साथीदार झालो, असं समजून मी गेलो होतो. आता शिकायचं किती राहिलंय ते दिसत होतं आणि वर्ष फार लांब वाटत होतं.

घरी पोचलो. बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, "कसं वाजवलंत?"

मी पेटी उघडून तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "तू जात्यावर म्हणतेस ते म्हण. मी मागून येतो."