श्वास धरणारा मामा

मामा ऐकताना श्वास घेत नसे. समोरचा माणूस काही महत्त्वाचं सांगू लागला की मामाची छाती हलायची थांबे आणि बोलणं संपेपर्यंत तशीच राही. कुणी फार लांबण लावली की मामी चुलीपासून ओरडायची, "आटपा जल्दी, माझं माणूस मरंल." विहिरीत बुड्या मारून मारून त्याला ती सवय लागली होती. आष्टीच्या आसपास कुणाची बादली, कुणाची मोटार, कुणाच्या घरचं माणूस पाण्यात गेलं की बोलावणं मामालाच यायचं.

माणूस काढून दिलं तर तो त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. आमच्या घरी यायचा, माझ्या आईच्या हातून गुळाचा खडा घ्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. विचारलं तर एवढंच म्हणायचा, "पाण्याशी घाई केली की पाणी ठेवून घेतं."

मला पोहायला त्यानेच शिकवलं, पाठीला रिकामा डबा बांधून. मी घाबरून पाण्यातच तोंड उघडलं की काठावरून आवाज यायचा, "सुमे, तोंड बंद. श्वास धर. वर आल्यावर सोड." त्याच्याजवळ शिकवण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्याने मला दिलं.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा आष्टीला होती. मामा मुद्दाम आमच्या घरी आला आणि वडिलांना म्हणाला, "दाजी, पोरगी हुशार हाये. शिकू द्या तिला."

"पाव्हणं, शिकलेलं कुठं दिसतं का? त्यापरीस अंगावर काही घालतो तिच्या," वडील म्हणाले.

त्या वर्षी मला पायात चांदीच्या तोरड्या केल्या. पुढच्या खेपेला मामाने त्या पाहिल्या. "वाजत्यात चांगल्या," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

पुढे त्याच्याच गावात माझं लग्न झालं. चार माणसांत मला बोलता येत नाही, तेव्हाही येत नसे. मामाच्या घरी मात्र मी मनातलं बोलायची, आणि तो श्वास धरून ऐकायचा.

मग एका उन्हाळ्यात धरणाच्या दारांच्या कामाला कोकणातले पाणबुडे आले. मामा बघायला गेला आणि मजुरीला तिथेच राहिला. त्यांच्या उस्तादाने मामाची बुडी बघितली आणि काठच्या उथळ पाण्यात त्याच्या पाठीला हवेची टाकी बांधून दिली. घरी आल्यावर मामा कधी नव्हे ते बोलत सुटला. "सुमे, खाली बसून श्वास घेऊन राह्यलो मी. मासा येऊन चष्म्याला टेकला. जिंदगीत पहिल्यांदा पाण्यात मला घाई नव्हती." उस्तादाने त्याला पुढचं शिकायला पावसाळ्यानंतर समुद्रावर बोलावलं होतं. मामाने त्यासाठी एक पिशवी आणून खुंटीला अडकवून ठेवली.

त्याच वर्षी गणपती विसर्जनात कुणाचा तरी जावई तळ्यात बुडाला. मामाने पुन्हा पुन्हा बुडी मारली, पण श्वास पुरला नाही. गावाला लागलं ते. पुढच्या वेळी मामाला श्वास पुरावा म्हणून वर्गणी जमली. सगळ्यांत मोठी अण्णांची, कारण जमीनही त्यांचीच मोठी. बैठक मामाच्या ओसरीवर बसली. मी आणि मामी आत चहा करत होतो.

"तुझ्यासाठीच जमवलंय. बोल, काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"मला शिकायला धाडा. महिन्याची गोष्ट हाये. उस्ताद म्हणतो, अर्धं शिकून टाकी लावू नको."

"अन् तिकडंच राह्यला मंग?"

"येतो की. बायको हितं हाये माझी."

"बायकोसाठी कोण येतं रं परत?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मामीसुद्धा पदराआड हसली.

हसणं थांबल्यावर अण्णा म्हणाले, "सामानच घिऊ. शिकलेलं माणसाच्या डोक्यात राहतं. माणूस गेला की गेलं. सामान गावात राहतं."

दाराच्या फटीतून मला मामाची छाती दिसत होती. हलत नव्हती.

दसऱ्याआधी मुंबईहून सामान आलं. भरलेली टाकी, नळी, चष्मा, पायात घालायचे पंखे. टाकीवर तांबड्या रंगात अण्णांचं नाव आणि 'सप्रेम भेट' लिहून घेतलं. खांडेनवमीला विळा-खुरप्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लागलं. शाळेची पोरं रांगेने बघून गेली. मामाने मला हळूच विचारलं, "सुमे, तुझ्या तोरड्या हायेत का गं?"

"मोडल्या, मामा. सासूच्या आजारपणात."

"बरं केलं. हे मोडता बी यायचं न्हाई," तो म्हणाला.

थंडीत अण्णांच्या विहिरीत दोर तुटून मोटार पडली. मामा नेहमीसारखा धोतर खोचून उतरू लागला. अण्णांकडे शहरातले पाहुणे आलेले होते. "टाकी लावून उतर. बघू दे पाव्हण्यांना," अण्णा म्हणाले. पाणी भरायला आलेल्या आम्ही बायाही थांबलो. बराच वेळ नुसते बुडबुडे येत होते. खाली गाळ उठला, मोटारीची वायर पायात गुंतली आणि नळी तोंडातून निसटली. हे मामाने पुढे तुटक तुटक सांगितलं. तेव्हा आम्हाला दिसलं ते एवढंच की मामा लहानपणापासून यायचा तसा वर आला. तोंड बंद, श्वास धरलेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "मोटार बांधली," मामा म्हणाला आणि त्याचा उजवा हात गळून पायरीवर पडला. मग तोंड वाकडं झालं. टाळ्या त्यानंतरही थोडा वेळ चालू होत्या.

जालन्याच्या दवाखान्यातून त्याला तसाच घरी आणला. संक्रांतीनंतर उस्ताद भेटायला आला. खाटेजवळ बसून म्हणाला, "टाकीची हवा छातीत कोंडून वर यायचं नसतं. वर येताना ती फुगते, फुप्फुस फाडून रक्तातून मेंदूत जाते. मी सांगितलं होतं याला. पण जन्माची सवय सांगून मोडत नाही, रोज पाण्यात उतरवून मोडावी लागते. म्हणून तर बोलावलं होतं."

"मंग असलं सामान इकतात कशाला?" मामीने विचारलं. उस्तादाने टोपी डोक्यावर घातली आणि तो उठला.

मामा पुढे काही वर्षं खाटेवर होता. मी जाऊन बसायची, बोलायची. माझं बोलणं चालू असताना त्याचा श्वासही चालू असे, मोठ्याने, घरघरत. ऐकतो की नाही, कळत नसे. मग मी बोलणंच कमी केलं.

टाकी देवळाच्या खोलीत सतरंज्यांच्या मागे आहे. भरायची सोय जवळपास कुठे नव्हती, पुन्हा कुणी वापरलीही नाही. नवरात्रात तिच्यावरचं नाव नव्याने रंगवतात. अण्णा बरोबर बोलले होते. सामान गावातच राहिलं. मामाही कुठे गेला नाही.