तिसरा बैल

जीपचा आवाज आला की मी माझ्या मायला मावशी म्हणायचे. तशी शिकवणच होती. जीप नसली तरी खांद्याला पिशवी आणि खिशाला पेन असलेला अनोळखी माणूस आंजीच्या रस्त्यानं गावात शिरताना दिसला, की मोठा भाऊ धावत येऊन सांगायचा, माय माझ्यावर डोळे वटारायची, आणि तिथून पुढे मी आष्टीच्या मावशीची पाहुणी पोर. माणूस गेला की पुन्हा घरची. मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं एक लेकरू ठेवलेलं असतं.

बाबा गावातल्या शाळेत चपराशी होते. घंटा वाजवायची, माठ भरायचे, मास्तरांच्या खुर्च्या पुसायच्या. आणीबाणीच्या काळात वरून हुकूम आला की दोन पोरं झालेल्यानं नसबंदी करून घ्यावी, नाहीतर पगार विसरावा. बाबांना दोन मुलगे होते. ते शिबिराच्या रांगेत उभे राहिले, परत येऊन बाजेवर पडून राहिले, आणि उठता येऊ लागल्यावर हेडमास्तरांना शिबिराचा कागद दाखवून पुन्हा घंटा वाजवू लागले. दुसऱ्या वर्षी मी जन्मले.

आता हे सांगणार कुणाला? सरकारला कळलं तर ते म्हणणार, चपराशानं खोटा कागद आणला, काढा नोकरीवरून. गावाला कळलंच होतं, आणि गाव निराळंच म्हणत होतं. हापशीवर माय कळशी लावून उभी असली की मागे बायका एकमेकींना विचारायच्या, "त्याचं तं आप्रेशन झालतं ना वो? मंग हे पोरगी कुठून आली?" माय ऐकायची, कळशी उचलायची, चालू लागायची. मी तिच्या पदराला धरून असायचे. प्रश्न माझ्याबद्दल आहे हे समजायचं, पण त्यात वाईट काय ते समजायचं नाही. बाबांना कुणी तोंडावर विचारलं नाही, आणि बाबाही कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मायला सगळ्यात जास्त संशय यायचा.

माय मुळातच संशयी, आणि दुधानं तोंड पोळल्यावर तर ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागली. मलेरियाचा माणूस फवारा मारून भिंतीवर काहीतरी खरडून जायचा. तो नाक्यापर्यंत पोचायच्या आत ती शेणाचा पोतेरा फिरवून ते पुसून टाकायची. न जाणो, माणसांची संख्या लिहिली असेल. दारावर बोहारीण आली तरी वाळत घातलेलं माझं झबलं आधी आत जायचं. मी तिचीच लेक. आजही कुणी फुकट काही देऊ लागलं की माझा हात आधी मागे जातो.

मी चारेक वर्षांची असताना गावात अंगणवाडी निघाली. समाजमंदिरात पोरांना बसवायचं, गाणी म्हणायची, दुपारी वाटीभर सुकडी द्यायची आणि महिन्यातून एकदा आढ्याला काटा टांगून, त्याला झोळी अडकवून एकेकाचं वजन घ्यायचं. गावानं नकाराची मान हलवली. पारावर एक म्हातारा म्हणाला, "सरकार वाटी भरून देऊन राह्यलं म्हणजे पोतं भरून नेईन." बायकांना वजनाचीच भीती होती. लेकरू तोलायचं म्हणजे नजर लावून घ्यायची. पण सुकडी गोड होती, पोरं ऐकेनात, आणि हळूहळू सगळी झोळीत बसली. मी सोडून.

अंगणवाडीची सेविका आमच्याच गल्लीतली सून होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी पाहणी करताना तिनं आमच्या घरी दोनच मुलं लिहिली. गाव आपसात डोकी फोडेल, पण बाहेरच्याला घरातलं सांगणार नाही, हा एक कायदा सगळे पाळायचे. मायला आडून टोचणाऱ्या बायकाही.

या सेविकेवर देखरेख ठेवायला वर्ध्याहून बसनं मुख्यसेविका यायच्या. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. उंच, हडकुळ्या, काखेत छत्री. आल्या की आधी पातेल्याचं झाकण काढून वास घ्यायच्या. मग पोरं मोजायच्या, मग वाट्या, आणि आकडे जमले तरी चेहरा खूश व्हायचा नाही. सुकडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळ बघायच्या. माझ्या मायला पहिल्यांदाच तोडीस तोड माणूस भेटलं होतं. या बाईंची आणखी एक खोड होती. त्या आयांना काही विचारायच्या नाहीत, पोरांना विचारायच्या.

एकदा त्या थेट आमच्या ओसरीवर आल्या. मी गोट्यांनी खेळत होते.

"मुलं किती?"

"दोन हायत बाई. दोघंही शाळेत गेले."

"आणि ही?"

"माह्या बहिणीची हाय. आष्टीची. पाहुनी आली."

"मागच्या खेपेलाही पाहुणीच होती."

"पोरीले करमते इथं," माय म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "या कोण तुझ्या?"

"मावशी," मी ठणकावून सांगितलं. मला शाबासकी हवी होती. बाई बराच वेळ छत्रीच्या टोकानं अंगणातली माती उकरत राहिल्या आणि निघून गेल्या. त्या दिवशी मायनं मला गूळ दिला, पण जवळ घेतलं नाही.

त्याच पावसाळ्यात मला संध्याकाळचं दिसेनासं झालं. दिवसा सगळं ठीक, दिवेलागणीला मात्र मी बाजेच्या पायाला अडखळायचे, ताट समोर असून हात जमिनीवर फिरवायचे. भावांना आधी गंमत वाटली. मायनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, मारुतीचा अंगारा लावला. सेविकेनं पाहिलं तेव्हा ती घाबरली. "काकू, असे डोळे पुरते जातात. केंद्रावर औषध येते, चमचाभर पाजतात. पन नाव लिहा लागते, बापाचंही. काय लिहू?"

माय म्हणाली, "राहू दे."

बाबा दाराशी पायांवर पाणी घेत होते. त्यांनी ऐकलं. तांब्या खाली ठेवला. माझे डोळे, त्यांची नोकरी आणि मायची अब्रू, तिन्ही एकाच दावणीला बांधलेली होती. एक सोडवायला गेलं की बाकीची सुटणार.

आणि मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान लेकरांचा पोळा भरतो. घरच्या प्रत्येक लेकराचा एक लाकडी बैल असतो, चाकांवरचा. दरवर्षी त्याला जुन्या रंगावर नवा रंग द्यायचा, झूल घालायची, दोरीनं ओढत मैदानात न्यायचा, आणि तोरण तुटलं की दारोदार फिरून बोजारा, म्हणजे पोरांचा खाऊ, मागायचा. माझ्या भावांचे बैल सुताराकडचे, देखणे. माझा बाबांनी स्वतः तासला होता, मी रांगत होते तेव्हा. शाळेच्या मोडक्या बाकाच्या पायाचा. एक कान लहान, एक मोठा, आणि पोटाखाली बाकाचं तपकिरी पॉलिश तसंच. म्हणजे आमच्या घरात सरकारपासून लपवलेल्या दोन वस्तू होत्या, एक मी आणि दुसरा माझा बैल.

त्या वर्षी सरपंचांना बुद्धी झाली की उत्तम बैलाला बक्षीस द्यावं आणि परीक्षक म्हणून मोठ्या बाईंना बसवावं. बाईंच्या शेऱ्याची सगळ्यांनाच धास्ती, म्हटलं मान देऊन त्यांना जरा गोड तरी करू. मायला हे कळलं तेव्हा ती मला घरात कोंडायला निघाली होती. पण वर्षाच्या सणाला लेकराचा बैल कोपऱ्यात ठेवायचा, हे तिच्या हातून होईना. पाच वर्षं तिनं मला खानेसुमारीपासून लपवलं, लस टोचणाऱ्यांपासून लपवलं. पोळ्यापासून लपवणं तिला जमलं नाही. अपशकुन तो अपशकुन. तिनं माझ्या बैलाला कुंकू लावलं आणि माझा दंड धरून बजावलं, "कोनी इचारलं तं?"

"आष्टीची."

"कधी आली?"

"काल."

पोळा सुटायला उशीर झाला. आभाळ भरलेलं, उजेड लवकर गेला. बाबा पेट्रोमॅक्सला पंप मारत होते, शाळेचा चपराशी म्हणून गावातली असली कामं त्यांच्याचकडे. आम्ही रांगेत उभे होतो. बाई एकेक बैल उचलायच्या, उलटा करायच्या, चाक फिरवून बघायच्या. सुकडीच्या पोत्यात हात घालायच्या तसंच. माझ्यापाशी आल्या, बैल उचलला, आणि नखानं त्याच्या पाठीवरचा पोपडा खरवडला. हिरव्याखाली पिवळा निघाला म्हणे, पिवळ्याखाली लाल.

"कुठली गं तू?"

"आष्टीची. पाहुनी हावो."

"कधी आलीस?"

"काल."

"आणि हा बैल निदान तीन पोळे इथं खेळून झाला?" बाई विदर्भातल्याच होत्या. पाहुण्या पोराचा बैल त्याच्या स्वतःच्या गावी असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. "कुणी केला हा?"

मला सगळ्याची उत्तरं पाठ करून दिली होती. बैलाचं कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

"बाबानं," मी म्हणाले.

"कुठे आहेत बाबा?"

मी मघाशी बाबा होते त्या बाजूला मान वळवली. तिकडे सगळं काळं होतं. मी हात पुढे करून चाचपलं. "दिसत नाई," मी म्हणाले. बाईंनी माझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली असावीत, असं नंतर भाऊ सांगायचा. मी पापणीही हलवली नाही म्हणे.

माय गर्दीतून घुसत आलीच होती. "बाई, माह्या बहिणीची—"

मागे पेट्रोमॅक्स जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"माही हाय," बाबा म्हणाले. बाबांचा एवढा मोठा आवाज मी घंटेशिवाय ऐकला नव्हता. "पोरगी माही हाय. बैलही माह्या हातचा हाय, शाळेच्या बाकाच्या लाकडाचा. तेही लिहा. नोकरी न्या का मले न्या. पोरीच्या डोळ्याचं पाहा आधी."

हापशीवरच्या सगळ्या बायका तिथेच होत्या.

"बाकाचं मी काही ऐकलं नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मायकडे पाहून विचारलं, "यांचं ऑपरेशन झालं होतं का?" मायनं मान खाली घातली. "झालं होतं तर पुढचे काही महिने जपावं लागतं. लगेच गुण येत नाही. शिबिरात सांगितलं होतं का तुम्हाला?"

"शिबिरात मले फक्त नंबर सांगतला होता," बाबा म्हणाले.

"मग चूक त्यांची. अशी लेकरं मी दुसऱ्या गावांतही पाहिली आहेत." हे वाक्य बाईंनी मायला सांगितलं, पण बोलल्या मागच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. दुसऱ्या गावांत त्यांनी खरंच अशी लेकरं पाहिली होती, की मायची मान वर व्हावी म्हणून तेवढ्यापुरतं सांगितलं, हा संशय मला आजही आहे. विचारायला त्या राहिल्या नाहीत. बक्षीस मात्र त्यांनी सरपंचांच्या नातवाला दिलं. माझा बैल खरंच बेढब होता.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः मला केंद्रावर घेऊन गेल्या. औषध नारिंगी आणि गोड होतं. मायनं आधी चमच्याला बोट लावून चाखलं, मग मला पाजू दिलं. काही दिवसांनी संध्याकाळी ओसरीवरून मला कडुलिंबाखाली कुणीतरी उभं दिसलं, आणि ते बाबा आहेत हे मी ओळखलं. त्यांना मी हाक मारली तर ते आत येऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

नोकरीचं काय? बाबा रोज धुतलेले कपडे घालून शाळेत जायचे, न्यायला आले तर बरं दिसावं म्हणून. मायनं त्यांच्यासाठी एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. कुणी आलं नाही. "वाघ दबा धरून बसते," माय म्हणायची, आणि ते गाठोडं तिनं कधी सोडलं नाही. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यातल्या धोतराला कसर लागली होती.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती वजनाची सकाळ. समाजमंदिरात मला पहिल्यांदा झोळीत बसवलं होतं. माय काट्याखाली हात धरून उभी, मी पडेन म्हणून, की सरकार मला तसंच उचलून नेईल म्हणून, कोण जाणे. मोठ्या बाई कार्ड घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. कुणीतरी साहेब आले असतील. माझं अंग आपोआप आखडलं.

"या कोण तुझ्या?" बाईंनी विचारलं.

"मावशी," मी म्हणाले.

माय पांढरी पडली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, जीपकडे. मग झोळीसकट मला छातीशी धरलं, काटा वर उडाला, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "माय म्हन."

मी दाराकडे पाहत राहिले.

"मोठ्यानं म्हन. बाई लिहून राह्यल्या."