राक्षस मरायच्या आधी

"पुढं काय नाय, चला," असं म्हणून काका प्रोजेक्टर बंद करायचे आणि रुमालाने त्याची काच पुसायला लागायचे. पडद्यावर तेव्हा नेमका यानाचा दरवाजा वितळत असायचा, आत चार अंतराळवीर बंदुका सरसावून उभे असायचे आणि सुकापूरच्या आमच्या सोसायटीतले तीसेक रहिवासी खुर्च्यांच्या काठावर आलेले असायचे. पुढं काय नाही कसं? सगळं पुढेच तर होतं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा छळणारा माणूस असेल. फरक एवढाच, की मी सोसायटीची सेक्रेटरी. रविवारी दुपारी हॉल उघडून द्यायचा मी आणि सोमवारी तक्रारी ऐकायच्याही मीच.

काका पूर्वी थिएटरात ऑपरेटर होते. परग्रहावरच्या राक्षसांचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे इंग्रजी सिनेमे त्यांनी जमवले होते. राक्षस रबरी, पाठीवरची चेन चक्क दिसायची. काका इंग्रजी आवाज बंद करायचे आणि आपल्या आगरी बोलीत स्वतःच गोष्ट सांगायचे. यान उतरलं की म्हणायचे, "आले बघा. यांना कोनी बोलावला?" हे अंतराळवीरांना उद्देशून. हसून हसून आमची पोटं दुखायची. आणि शेवटची दहा मिनिटं आली, की बंद.

मी काय काय नाही केलं. वेळ पुरत नाही म्हणाले, तर हॉल अर्धा तास आधी उघडला. गोडीत विचारलं, चिडून विचारलं. डीव्हीडी घरी बघायला मागितली, तर म्हणाले, तिच्यावर चरे पडलेत. ती त्यांनी त्याच दुपारी लावली होती. असा संताप आला होता मला.

शेवटी पाचव्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर मीटिंगमध्ये उठून म्हणाले, ही लोकांची चेष्टा आहे. ठराव झाला. सिनेमा पूर्ण दाखवावा, अन्यथा हॉल मिळणार नाही. काकू गेल्यापासून ती रविवारची दुपार हेच काकांचं माणसांत येणं होतं, हे मला माहीत होतं. तरी पत्रावर सही मीच केली.

पुढच्या रविवारी काकांनी मुकाट्याने पूर्ण सिनेमा लावला. शेवट जवळ आला तसा त्यांचा आवाज थांबला आणि ते उठून बाहेर गेले. अंतराळवीरांनी राक्षसाला त्याच्याच गुहेत कोंडून जाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात.

बाहेर काका पायरीवर बसले होते. मी म्हटलं, काका, एवढंच तर होतं, इतके दिवस कशाला ताणलंत?

"बाय, तो राक्षस कोनाकडं गेला व्हता का? आपल्या घरी व्हता," ते म्हणाले. "आमचा गाव उठला ना, तवा शेवटचा घर पडंपर्यंत मी उभा राहून बघितला. आता कोनाचा नाय बघवत."

विमानतळासाठी काकांचं गाव उठलं, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. 'काका, तुमची चांदी झाली,' अशी आम्ही मोबदल्यावरून थट्टा करायचो. तेही हसायचे. त्या पायरीवर मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते.

काका गेल्या वर्षी गेले. त्या रविवारनंतर त्यांनी हॉल कधी मागितला नाही. मी कमिटीशी भांडून ठराव रद्द करून घेतला आणि त्यांच्या घरी सांगायला गेले, की काका, तुम्हाला हवं तिथे बंद करा, कोणी काही बोलणार नाही. त्यांनी मला बसवलं, चहा केला.

"आता काय उपेग, बाय," ते म्हणाले. "सगल्यांना कलला ना, तो मरतो."