चेन गिळलेला माणूस

तीसेक वर्षं झाली. लेकीच्या लग्नासाठी घडवलेली चेन घेऊन मी सोनाराकडून निघाले. पिशवीत नको म्हणून ती गळ्यात घातली, हीच चूक. खोपटच्या एस.टी. स्टँडवर एकानं ती ओढली आणि लोकांनी धरताच गिळून टाकली.

चौकीत हवालदारानं त्याच्यापुढे दोन डझन केळी ठेवली. चेन गिळणाऱ्याला तेव्हा केळीच चारायचे, म्हणजे ती पोटातून बाहेर पडते.

"खा रे, सासरी आलायस. लाजू नकोस."

वाळका माणूस. केळ्याचे धागे काढून मगच खायचा, सालं मांडीवर एकावर एक ठेवायचा. पाच-सहा केळ्यांनंतर त्यानं तोंड मिटलं. हवालदारानं काठी आपटली, तरी उघडेना. शेवटी मीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मेल्या, आठवड्यावर लेकीचं लग्न आलंय. व्याह्यांना काय तोंड दाखवू?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मावशी, मग आधी नाही का बोलायचं?" म्हणाला आणि आपणहून पुढचं केळं उचललं.

त्याला दया आली की काठीची भीती वाटली, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी चेन मिळाली. ती कुठून परत आली, हे लेकीला मी लग्न लागल्यावरच सांगितलं.