विसर्जन नेहमी चौथ्या मशीनवर

तुमच्या ऑफिसात सगळ्यात मंद माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण ते ठरवलं कोणी, हे कधी विचारलंत का?

आमच्याकडे ते कधीच ठरून गेलं होतं. लोअर परळला, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. मंडळांचे गणपती, लग्नं, सोसायट्यांचे कार्यक्रम चित्रित होऊन आमच्याकडे येतात. आम्ही ते एन्कोड करतो, म्हणजे अवाढव्य फाइल दाबून मोबाइलवर न अडखळता चालेल एवढी करतो. चार माणसं, चार मशीनं, चारही एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेली. सर फिल्मच्या मिनिटांचे चार सारखे भाग करायचे आणि प्रत्येकाला एकेक द्यायचे. चौथा भाग चौथ्या मशीनवर. तिथे आंटी बसायच्या.

आंटी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेल्या ख्रिस्ती घरातल्या, आमच्यात वयाने सर्वांत मोठ्या, आणि एकट्याच करारावर. रोज शेवटी संपायचं ते त्यांचंच. आम्ही तिघं चहाला उठायचो तेव्हा त्यांच्या स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर रेंगाळत असायची.

"बाप्पा माझ्याकडे विसर्जनालाच येतो गं," त्या म्हणायच्या. "एकदा तरी आरतीला पाठवा त्याला!"

आम्ही हसायचो आणि चहाला जायचो.

मग एका दुपारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आंटी, पुढच्या महिन्यात तुमचा करार संपतोय. आता बघावं लागेल. तुमच्यामुळे रोज सगळ्यांचं अडतं."

आंटींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आणि मला त्यांचा विनोद पहिल्यांदा नीट ऐकू आला.

एन्कोड करताना मशीन आधीच्या चित्राशी पुढचं चित्र ताडून बघतं आणि जे बदललं तेवढंच साठवतं. अध्यक्ष खुर्चीत बसून भाषण करतात तेव्हा ओठ हलतात, बाकी सगळं जागच्या जागी. मशीनला आरामच. पण मिरवणुकीत गुलाल उडतो, लेझीम फिरते, शंभर हात एकदम वर जातात. काहीच जागेवर राहत नाही. तेवढ्याच मिनिटांसाठी मशीन घामाघूम होतं. आणि विसर्जन काय, लग्नाची वरात काय, फिल्मच्या शेवटीच असणार. म्हणजे सारखी वाटणी करून, अगदी न्यायाने, सर रोज सगळं ओझं एकाच बाईच्या डोक्यावर ठेवत होते.

"सर, उद्या चौथा भाग मला द्या. पहिला आंटींना."

"का? हिरोगिरी?"

"द्या तर खरं."

दुसऱ्या दिवशी आंटींच्या वाट्याला पूजा आणि भाषणं आली. त्या लवकर मोकळ्या झाल्या आणि कप घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, म्हातारी झालीस?"

सरही आले. "तुझंही मशीन बिघडलं वाटतं."

"मशीन चांगलं आहे, सर. मिरवणूक माझ्याकडे आलीय."

त्यांनी वाकून पट्टी बघितली. "ठीक आहे. उद्यापासून विसर्जन आळीपाळीने."

"म्हणजे रोज एक नवा मंद माणूस?" मी विचारलं.

करी रोडच्या आमच्या खोलीत मी पत्रकांच्या घड्या घालत वाढले. बाबा युनियनचे. ते गठ्ठा जमिनीवर मधोमध ठेवायचे आणि आम्ही भोवती बसायचो. कुणाला वाटा नाही. हात रिकामा झाला की पुढची चळत उचलायची. आई मध्येच भात बघायला उठायची, शेजारचे काका दर घडीला पत्रक वाचत बसायचे, तरी सगळे एकदमच मोकळे व्हायचो. मी एकदा माझ्या घड्या मोजून दाखवल्या, तर बाबा म्हणाले, "मोजतंस कित्याक गो? गठ्ठो संपव."

मी सरांना तेच सांगितलं. फिल्मचे बरेच लहान तुकडे करू, दृश्य बदलतं तिथेच कापू म्हणजे जोड दिसणार नाही. सगळे तुकडे एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवू. जे मशीन रिकामं होईल ते पुढचा तुकडा उचलेल.

सर म्हणाले, "मग कुणी किती केलं, हे मला कळणार कसं?"

बघा, दुखणं हे होतं. त्यांना फिल्म लवकर हवी होती, पण त्याहून जास्त एक मंद माणूस हवा होता.

"फिल्म वेळेवर गेली का, ते कळेल," मी म्हणाले. बाकीचे दोघं माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही वाटे घेणार नाही, गठ्ठा मधोमध ठेवा, एवढंच सांगितलं. सर पुटपुटत निघून गेले. आम्ही तुकडे करायला घेतले.

त्या दिवशी चारही पट्ट्या जवळजवळ एकदम संपल्या. आंटी आमच्याबरोबर चहाला आल्या, आणि टपरीवाल्याने विचारलं, "या नवीन का?"

त्यांच्या कराराचं सर अजून "बघू" म्हणतायत. आम्ही तिघांनी कळवून टाकलंय: आंटींची खुर्ची रिकामी झाली, तर चारही रिकाम्या होतील.

तुमच्याकडून मला एकच हवंय. तुमच्या ऑफिसात ज्याला मंद म्हणतात, त्याचा उद्याचा वाटा मागून घ्या आणि तुमचा त्याला द्या. दिवसभर त्याचं काम स्वतः करा. मग साहेबासमोर जा, आणि सगळ्यांच्या देखत सांगा त्या वाट्यात काय होतं ते.