बारशाचं कुंकू
शेजारच्या काकूंकडे धाकट्या सुनेच्या बाळाचं बारसं होतं. पाणी प्यायला आत गेले, तर थोरली सून मंगल एकटीच पुऱ्या तळत होती. तिच्या मनगटावर उलथन्याचा लालभडक डाग होता.

"भाजलं का गं?"

"बाळाला उचललं म्हणून आईंनी चटका दिला. वांझेची सावली पडते म्हणाल्या."

बाहेर त्याच काकूंनी हसत मला कुंकू लावलं. आईपणाचा एवढा उदोउदो, आणि दुसऱ्याच्या लेकीची कातडी अशी जाळायची?

मी कुंकू पुसलं आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "मंगल, चल, पोलिसांकडे जाऊ."

काकू किंचाळल्या. मंगलनं गॅस बंद केला आणि भाजलेला हात न झाकता बायकांमधून चालत बाहेर आली.