हिरवा ठिपका

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही.

शेजारचे सलीममामा कुरकुंभच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचा इरफान गुजरातेत गॅसच्या विहिरीवर कामाला आहे आणि आठ दिवस त्याचा फोन लागत नाही. म्हणून दौंडच्या सायबर कॅफेत मी मामांना गॅसच्या विहिरींचा ऑनलाइन नकाशा उघडून दिला. इरफानच्या विहिरीवर क्लिक केलं. हिरवा ठिपका, म्हणजे काम सुरू.

“हाय की पोरगं कामावर!” मामा खुलले. “आम्ही बी कारखान्यात शिफ्ट बदलली की बोर्ड पुसून नवा लिहायचो, तसंच हे.”

खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, माहिती गेल्या वर्षीची. ते मामांना न सांगता मी पान बंद केलं.

“उद्या परत बघू,” म्हणत मामा घरी गेले.

ठिपका उद्याही हिरवाच असणार. तुम्ही असता तर सांगितलं असतं?